व्यायामाच्या नावाखाली बाबांना लुबाडलं : पैसे भरण्याआधी हे वाचा

नागपुरातल्या एका 'एक्सरसाइज फिजिओलॉजी सेंटर'ने, म्हणजे आजार बघून व्यायाम ठरवून देतो म्हणणाऱ्या केंद्राने, माझ्या बाबांना फसवलं. पैसे गेलेच, पण गुडघा सुजून ते अंथरुणाला खिळले आणि एका सकाळी त्यांची साखर 52 वर आली. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे. त्यांची पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण तशी शिबिरं बागांमधून अजून लागतात.

बाबा 68 वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. मधुमेह जुना, बीपीची गोळी सुरू, दोन्ही गुडघे झिजलेले. ते रोज त्रिमूर्ती नगरच्या बागेत फिरायला जायचे. तिथे गेटजवळ 'मोफत तपासणी' लागली होती. पांढरा कोट घातलेल्या पोराने त्यांना एका वजनकाट्यावर उभं केलं, हातात दोन दांडे दिले आणि कागद काढून दिला : 'शरीराचं वय 81'. बाबा तो कागद घरी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. हे मशीन शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं आणि त्याला किती अडथळा होतो त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी कमी प्यालं तरी आकडा बदलतो. 'शरीराचं वय' हा तर कंपनीने स्वतःच्या हिशोबाने काढलेला आकडा, त्यावरून कुठलाही आजार ठरत नाही. पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

सेंटरमध्ये पुढचं बोलणं झालं. "काकाजी, गुडघ्याची गादी परत भरून येते. शुगरच्या गोळ्याही सुटतात. फक्त सहा महिने द्या." पॅकेज 48,000 रुपयांचं. 'रजिस्ट्रेशनचा ओटीपी' म्हणून बाबांच्या मोबाइलवर आलेला आकडा मागून घेतला. ते खरं म्हणजे एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं आणि पूर्ण रक्कम सेंटरच्या खात्यात गेली. बँकेतून पहिला हप्ता कापला गेला तेव्हा आम्हाला कळलं.

आता मुख्य गोष्ट. त्या सेंटरमध्ये बाबांना एकदाही कुणी विचारलं नाही की तुम्ही कोणत्या गोळ्या घेता.

बाबा बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेतात. ही गोळी हृदयाचे ठोके मुद्दाम मंद ठेवते. ट्रेडमिलवर पोराने 220 मधून वय वजा केलं (जास्तीत जास्त नाडीचा हा ढोबळ अंदाज), त्याचे 80 टक्के काढले आणि सांगितलं, "नाडी 120 च्या वर गेली पाहिजे, तेव्हाच चरबी जळते." नाडी 90 च्या आसपास अडकली. अडकणारच होती, गोळीचं कामच ते आहे. त्याने वेग वाढवला, मग चढ वाढवला. बाबांना धाप लागली, बोलता येईना. पोरगा बघत होता ते फक्त स्क्रीनवरच्या आकड्याकडे. अशी गोळी घेणाऱ्याचा व्यायाम नाडीवर मोजत नाहीत. माणसाला किती श्रम जाणवतात ते 6 ते 20 च्या बोर्ग मापावर विचारतात, किंवा चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं का ते पाहतात. ज्याने हा विषय शिकला आहे त्याला हे माहीत असतंच.

बाबांची दुसरी गोळी मधुमेहाची, ग्लिमेपिराइड. ती इन्सुलिन वाढवते. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून तर मधुमेहात व्यायामाचा इतका उपयोग होतो. पण सकाळी गोळी घेऊन वर "उपाशीपोटीच या" असं सांगितलं तर साखर कोसळते. मेटोप्रोलॉलमुळे हात थरथरणं, छातीत धडधडणं ही धोक्याची लक्षणंही दबतात, घाम तेवढा येतो. बाबांचा शर्ट भिजून पाठीला चिकटला होता. सेंटरवाले म्हणाले, "टॉक्सिन निघून राहिले." शेजारच्या काकूंनी ग्लुकोमीटर लावला, साखर घालून पाणी पाजलं, म्हणून पुढचं टळलं. हे आठवलं की मला आजही संताप येतो.

गादीचं म्हणाल तर, झिजलेली कूर्चा व्यायामाने परत उगवत नाही. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार नीट वाटला जातो, दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. म्हणूनच माझं व्यायामाशी भांडण नाही. ऑस्ट्रेलियात एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट व्हायला विद्यापीठात किमान चार वर्षं शिकावं लागतं. इथे भिंतीवरच्या चौकटीतलं प्रमाणपत्र एका ऑनलाइन कोर्सचं होतं.

नंतर बाबांना आम्ही फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. त्यांनी आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आणि प्रत्येक गोळीखाली पेनाने रेघ मारत वाचली. बीपी घेतलं, खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजलं. सूज उतरेपर्यंत गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, एवढंच. मग उंच खुर्चीवरून उठबस, तीही आकडे मोठ्याने मोजत, कारण श्वास रोखला की बीपी एकदम चढतं. साखर 90 च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं. व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं नाही तर व्यायाम कमी करायचा. कोणतीही गोळी बंद करायला त्यांनी सांगितलं नाही, ते डॉक्टरांवर सोडलं. आता बाबा हळूहळू आठवड्याला 150 मिनिटांच्या चालण्याकडे चालले आहेत.

तुमच्या घरी कुणी अशा सेंटरमध्ये जात असेल तर आधी विचारा, व्यायाम ठरवणाऱ्याचं शिक्षण काय? फिजिओथेरपिस्ट असेल तर महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. औषधांची चिठ्ठी न बघता कुणी ट्रेडमिलवर चढवत असेल तर तिथून उठून या. मोबाइल त्यांच्या हातात देऊ नका. कर्ज झालंच असेल तर करारातली कूलिंग-ऑफ मुदत लगेच बघा. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंड न देता कर्जातून बाहेर पडता येतं. फायनान्स कंपनी दाद देत नसेल तर तिच्याकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीसाठी 14448 आहे. सेंटरविरुद्ध आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची.

आमच्या तक्रारीला आम्ही तो 81 चा कागद, हप्त्याचे मेसेज आणि 'गोळ्या सुटतील' असं छापलेलं पत्रक जोडलं आहे. एकाच सेंटरने फसवलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने मिळून एकच तक्रार करता येते. त्यामुळे बागेतल्या शिबिरातून तुमच्याही घरच्यांनी असे पैसे भरले असतील तर पावती, पत्रक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आजच जपून ठेवा.