जीमॅटची डेटा सफिशियन्सी: सात महिन्यांच्या सरावानंतर

जळगावात नोकरी सांभाळून जीमॅटची, म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करताना गेले सात महिने मी डेटा सफिशियन्सीचे प्रश्न एकाच पद्धतीने सोडवत आहे. या प्रश्नांत एक प्रश्न आणि दोन विधाने दिलेली असतात; उत्तर काढायचे नसते, ते काढायला कोणते विधान पुरेसे आहे एवढेच ठरवायचे असते. दुसरे विधान लग्नपत्रिकेच्या कापलेल्या तुकड्याखाली झाकायचे, पहिल्याचा निकाल वहीत लिहायचा, मग पहिले झाकून दुसरे वाचायचे, आणि दोन्ही एकेकटी अपुरी ठरली तरच ती एकत्र करायची. मे महिन्यात उन्हामुळे दुपारी डोके चालत नसे, म्हणून हा सराव पहाटे पाचला गच्चीवर होत असे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे एका उदाहरणावरून सांगतो. काही वह्या 17 रुपयांच्या दराने आणि काही पेन 19 रुपयांच्या दराने घेतले, तर पेन किती? पहिले विधान: एकूण 161 रुपये झाले. दुसरे विधान: एकूण 9 नग घेतले. दोन अज्ञात असले की दोन समीकरणे हवीतच, या शाळेपासूनच्या सवयीने मी असल्या प्रश्नांना डोळे झाकून ‘सी’ (दोन्ही विधाने मिळूनच पुरेशी) लिहीत असे. वस्तुतः वह्या आणि पेन अर्धे-पाव घेता येत नाहीत, आणि 161 रुपयांचा मेळ 5 वह्या व 4 पेन यांखेरीज कशानेच बसत नाही. दुसऱ्या विधानातून मात्र एकट्याने काहीच ठरत नाही. उत्तर ‘ए’ (फक्त पहिले पुरेसे). दुसरे विधान झाकलेले असल्यामुळेच मला पहिल्याशी इतका वेळ झगडावे लागले.

‘नाही’ हे ठाम उत्तरही पुरेसे असते, हे वळणी पडायला मला दोन महिने लागले. क्ष धन आहे का, या प्रश्नाला ‘क्षचा घन −27 आहे’ हे विधान पुरेसे आहे. ज्या शिकवणीचे मी पैसे भरले होते तिथे प्रत्येक प्रश्न शेवटच्या आकड्यापर्यंत सोडवून दाखवत, आणि त्यामुळे थांबायचे कुठे हेच कळत नसे, याचा मला आजही खेद वाटतो.

या पद्धतीची उणीव संगणकावर जाणवली. सध्याच्या स्वरूपात हे प्रश्न डेटा इनसाइट्स विभागात असतात, जिथे 45 मिनिटांत 20 प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे सरासरी सव्वादोन मिनिटे मिळतात, आणि पडद्यावर दोन्ही विधाने एकदमच दिसतात. शिवाय तेथे कॅल्क्युलेटर मिळत असल्याने विनाकारण आकडेमोड करण्याचा मोह होतो. म्हणून गेल्या महिन्यापासून मी तुकडा बाजूला ठेवून कच्च्या कागदावर ‘ए, डी’ (पहिले विधान एकटे पुरेसे) आणि ‘बी, सी, ई’ (पहिले एकटे अपुरे) असे पर्यायांचे दोन गट मांडतो आणि पहिल्या विधानाचा निकाल लागताच एक गट खोडतो.