जर्मन मातीची दोन विशेषणे: 'टोनिख' आणि 'लेमिख'

जर्मन मृदाशास्त्रातील मजकूर मराठीत आणताना 'टोनिख' आणि 'लेमिख' या दोन्ही विशेषणांसाठी सरसकट 'चिकट' असे लिहिले जाते, तेव्हा मातीविषयीची नेमकी माहितीच हरवते. 'टोन' म्हणजे चिकणमाती. तिचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. 'लेम' हे मात्र वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे मिश्रण असल्यामुळे त्याला आपल्या शेतकऱ्यांचा 'पोयटा' हा शब्द अधिक जवळचा वाटतो.

फरक बोटांनाही कळतो. ओलसर माती चिमटीत घेऊन नखाने घासली असता घासलेला भाग चकाकला, तर ती 'टोनिख'. तो मंद राहिला, वाळूची कचकच जाणवली आणि वळी बारीक करताना तिला तडे गेले, तर ती 'लेमिख'.

वापरात खरी मेख शब्दांच्या क्रमात आहे. मातीच्या वर्गनामात नाम मुख्य घटक सांगते आणि विशेषण दुय्यम. म्हणून 'लेमिगर झांट' ही पोयट्याचा अंश असलेली वाळू, तर 'झांडिगर लेम' हा वाळूचा अंश असलेला पोयटा होय. हा क्रम उलटला, तर पाणी झपाट्याने झिरपणारी जमीन ओल धरणारी ठरते, आणि सिंचनाचा सल्ला चुकतो.

खडकांच्या वर्णनात, उदाहरणार्थ चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीसाठी, 'टोनिख' हेच योग्य आहे. भाजलेल्या मडक्यासाठी मात्र दोन्ही चालत नाहीत; तेथे 'ट्योनर्न' असे वेगळे विशेषण येते.