मेश वाय-फायमध्ये (घरभर ठेवलेले दोन-तीन राऊटर मिळून एकच नेटवर्क) दोन्ही बँडला, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला, एकच नाव ठेवायचं की २.४ आणि ५ ची नावं वेगळी करायची?

नवीन मेश लावताना बरेच जण इथेच अडकतात. बॉक्सवरचे स्पीडचे आकडे सोडा, ते सगळ्या बँडची बेरीज करून छापलेले असतात, एका मोबाईलला तेवढं कधीच मिळत नाही.

फिरताना कनेक्शन टिकणं बघाल तर एकच नाव सरळ पुढे. व्हिडिओ कॉल चालू ठेवून या खोलीतून त्या खोलीत गेलात की फोन आपला आपण जवळचा नोड (मेशमधला राऊटर) आणि बरा बँड पकडतो, वेगळी नावं असली तर ५ वाला सिग्नल पार मरेपर्यंत फोन २.४ वर न जाता त्यालाच चिकटून बसतो आणि तुम्ही "आवाज येतोय का" करत राहता.

स्मार्ट बल्ब, प्लग जोडताना मात्र उलटं. यातले बहुतेक फक्त २.४ वर चालतात, फोन ५ वर असला की काहींचं ॲप नुसतं गोल गोल फिरत बसतं. तिथे वेगळं नाव सोयीचं. पण त्यासाठी अख्खं नेटवर्क कशाला तोडायचं, बऱ्याच मेशमध्ये आयओटी नेटवर्कचा (स्मार्ट उपकरणांसाठी वेगळ्या नावाचं नेटवर्क) ऑप्शन असतो, तो फक्त २.४ वर ठेवा. (काही मेशमध्ये तर बँड वेगळे करताच येत नाहीत, म्हणजे प्रश्नच मिटला.)

नाव एक असो की वेगळी, चॅनलचं (बँडमधल्या पट्ट्यांचं) काम सारखंच, २.४ ला रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल १, ६, ११ पैकी कमी गर्दीचा.

घरभर फोन-लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांनी एकच नाव ठेवावं. ज्यांचे टीव्ही, गेमिंग कन्सोल जागचे हलत नाहीत आणि ५ वरच अडकवून ठेवायचेत, त्यांनी नावं वेगळी करावी.