पोटातील पाणी काढण्याची डे-केअर सेवा : एका नातेवाइकाचे मत

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यातून मोठ्या जाऊबाईंना अंडाशयाच्या कर्करोगासाठी ज्या रुग्णालयात आम्ही नेतो, तेथील डे-केअर कक्षाविषयी हे मत आहे. याआधी एका दवाखान्यात त्यांच्या फुगलेल्या पोटाला लिव्हरचा आजार म्हणण्यात आले आणि काढलेले पाणी तपासणीला न पाठवताच फेकून देण्यात आले.

येथे मात्र सोनोग्राफीवर जागा पाहून सुई घातली गेली, पाणी सावकाश काढले गेले आणि नमुना पेशींच्या तपासणीसाठी पाठवला गेला. त्याहून मोलाचे म्हणजे डॉक्टर मॅडमनी आम्हाला वेळ देऊन सगळे समजावून सांगितले. निरोगी स्त्रीच्या पोटात अवयव एकमेकांवर घासू नयेत इतपतच, थोडे मिलिलीटर द्रव असतो. कर्करोगाच्या पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात, त्याने रक्तवाहिन्या झिरपू लागतात. शिवाय द्रव शोषून नेणारे लसिकामार्ग पेशींनी अडतात आणि पोट भरत जाते. या द्रवात सुटलेल्या पेशी गोळे करून तरंगतात. आधार सुटलेली पेशी एरवी मरते, पण गोळ्यातील पेशी तग धरते आणि केमोलाही लवकर दाद देत नाही. द्रवातील एलपीए हा स्निग्ध पदार्थ व इंटरल्युकिन-6 हे प्रथिन तिच्या वाढीला व पसरण्याला चालना देतात, आणि आतड्यांवरील चरबीच्या पडद्यावर ती रुजली की तेथील चरबीच तिचे इंधन होते. पाटाच्या पाण्याबरोबर तणाचे बी वावरभर जावे तसे हे आहे, असे मॅडम म्हणाल्या, आणि जाऊबाईंना ते तत्काळ कळले. प्रत्येकीच्या पोटातील पाणी सारखे वागत नाही, प्रयोगशाळेत काही नमुन्यांनी पेशींची वाढ रोखल्याचेही आढळले आहे, हेही त्यांनी लपवले नाही.

म्हणूनच या कक्षात पाणी काढणे हाच उपचार मानला जात नाही. त्याने श्वास मोकळा होतो, दोन घास जातात. परंतु मूळ रोगावर औषध लागू पडले नाही तर पाणी पुन्हा भरते, आणि वारंवार काढल्याने शरीरातील प्रथिनेही जातात. त्यामुळे कर्करोगतज्ज्ञांची भेट त्याच दिवशी घडवून कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या औषधांचे वेळापत्रक ठरवले गेले. माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे मोल येथे आहे.

उणिवा आहेत. नमुन्याचा अहवाल यायला फार वेळ लागतो आणि त्या काळात कुटुंबाचा जीव टांगणीला लागतो. दुपारनंतरची वेळ मिळाली की गावाकडची शेवटची एसटी हुकते. खेड्यातील रुग्णांना सकाळची वेळ राखून ठेवावी, ही कळकळीची विनंती आहे. नातेवाइकांना बसायला बाकही अपुरे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे भरायला कर्मचारी मनापासून मदत करतात; रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे, आणि पाणी कोठेही काढले तरी नमुना तपासणीला गेला की नाही, हे तेथेच विचारून घ्यावे.