माणदेश आणि दापोली: दोन कादंबऱ्या, दोन भूमी

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) आणि श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (1952) या दोन्ही कादंबऱ्यांना ‘प्रादेशिक’ असे एकच लेबल चिकटवले जाते. प्रत्यक्षात त्यांत प्रदेशाने केलेले काम अगदी वेगळे आहे.

माणदेशात, म्हणजे सातारा-सांगली-सोलापूरकडच्या दुष्काळी पट्ट्यात, पावसाचा भरवसा नाही आणि धनगरांचे जगणे मेंढरांच्या चाऱ्यावर अवलंबून आहे. त्यामुळे ‘बनगरवाडी’त रूढ अर्थाने खलनायक लागत नाही, दुष्काळ पडतो, माणसे जनावरे घेऊन जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. मास्तर शाळेसाठी पोरे गोळा करतो, गाव कष्टाने तालीम बांधते, आणि तरीही पाऊस हुकला की त्या भिंतींना अर्थ उरत नाही. निवेदनही मोजके, कोरडे आहे. हा कोरडेपणा मला शैलीच्या हौसेपेक्षा त्या माळाचा गुण वाटतो.

पेंडसे मूळचे कोकणातल्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. तिथे पाऊस मुबलक, जमीन मात्र तुटपुंजी आणि त्या काळी खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, हाती. घरे वाडीत एकमेकांना खेटून, म्हणून कोणाचे काहीच झाकून राहत नाही. साहजिकच इथला संघर्ष माणसामाणसांतला आहे. बापू आणि राधा यांच्या संबंधाचा बोभाटा होतो तो याच दाटीमुळे, आणि बापूची भरभराटही सुपारीच्या व्यापारातून, म्हणजे त्याच मातीतून होते.

निवड करायचीच झाली, तर प्रदेशाला कथानकच करून टाकणारी ‘बनगरवाडी’ मला अधिक धाडसी वाटते. पात्रांच्या जिवंतपणात मात्र पेंडसे सरस आहेत.