२ जीबी रॅमवर डेबियन १३ आणि एलएक्सक्यूटी : काही महिने वापरल्यानंतर

जुन्या लॅपटॉपसाठी हलकं लिनक्स शोधायला गेलं की सगळीकडे एकाच आकड्याची चर्चा दिसते : सुरू झाल्यावर रॅम किती खाते? माझ्या लॅपटॉपमध्ये २ जीबी रॅम आहे, तीही मदरबोर्डवर सोल्डर केलेली, त्यामुळे वाढवायचा प्रश्नच नाही. प्रोसेसर दोन कोरचा, ६४ बिटचा. रोजचं काम त्यावर करून आता माझं ठाम मत झालंय की तो आकडा दुय्यम आहे. खरी मारामारी ब्राउझर उघडल्यावर सुरू होते.

आधी पेनड्राइव्हवरून अँटीएक्स, पपी आणि लुबंटू हे लिनक्सचे हलके प्रकार (डिस्ट्रो) लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवून पाहिले. अँटीएक्स आईसडब्ल्यूएम या खिडक्या सांभाळणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर चालतं, त्यामुळे फारच कमी रॅममध्ये भागवतं. पपी तर अख्खी रॅममध्येच जाऊन बसते. रॅम १ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर या दोघांपलीकडे पाहूच नका. पण २ जीबीवर आईसडब्ल्यूएम आणि एलएक्सक्यूटी हा हलका पण पूर्ण डेस्कटॉप यांच्यातला फरक मला दोन-तीनशे एमबीचा दिसला, आणि तेवढी रॅम एखादी जड वेबसाइट एकटीच खाऊन टाकते. बदल्यात एलएक्सक्यूटीचा डेस्कटॉप कुणालाही न शिकवता वापरता येतो. म्हणून डेबियन या डिस्ट्रोची १३ वी आवृत्ती घेतली आणि इन्स्टॉल करताना डेस्कटॉपच्या यादीत नोम (GNOME) या जड डेस्कटॉपवरची खूण काढून एलएक्सक्यूटीवर केली. वाय-फायचं फर्मवेअर डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे तिथे काही अडलं नाही.

आता मुख्य गोष्ट. रॅम भरली की सिस्टिम रॅममधले न वापरलेले तुकडे स्वॅप या राखीव जागेत टाकते. हा स्वॅप फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर काय होतं ते मी समोर बसून पाहिलंय : पाचवी-सहावी टॅब उघडली की डिस्कचा दिवा लागतो तो विझतच नाही, माउसचा बाण अडखळत सरकतो आणि टाइप केलेली अक्षरं बऱ्याच वेळाने एकदम उमटतात. डिस्ट्रो बदलून हे सुटत नाही. सुटतं ते झेडरॅमने. यात स्वॅप डिस्कवर न जाता रॅममध्येच दाबून, आकुंचित करून ठेवला जातो. झेडरॅम-टूल्स हे पॅकेज टाकलं, त्याच्या सेटिंगमध्ये आकार रॅमच्या ५० टक्के आणि दाबण्याची पद्धत झेडएसटीडी ठेवली. कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) स्वॅपीनेस, म्हणजे स्वॅप वापरायची तयारी सांगणारा आकडा, मुळात ६० असते, ती १०० केली, कारण रॅममधल्या स्वॅपला डिस्कसारखं घाबरायचं कारण नाही. प्रोसेसरला थोडं जास्त काम पडतं, पण ते हाताला जाणवत नाही. आता त्याच पाच-सहा टॅब सुखाने चालतात.

डेबियन १३ मधली एक गोष्ट कमी रॅमवाल्यांनी आवर्जून बघावी. यात टीएमपी फोल्डर मुळातच रॅममध्ये असतं आणि ते अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकतं. एखाद्या प्रोग्रामने तिथे मोठी तात्पुरती फाइल टाकली की तेवढी रॅम गेलीच. मी सिस्टिमडीमध्ये (सेवा सुरू-बंद करणारा लिनक्सचा भाग) टीएमपी डॉट माउंट हे युनिट मास्क, म्हणजे कायमचं बंद करून ते पुन्हा डिस्कवर नेलं.

सोबत अर्लीऊम हा प्रोग्राम टाका. रॅम आणि स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की तो सगळ्यात जड प्रोसेस बंद करतो. एक टॅब जाते, लॅपटॉप गोठत नाही. आणि फ्री या कमांडने रॅम तपासताना 'यूज्ड' नव्हे, 'अव्हेलेबल' हा रकाना बघा. लिनक्स मोकळ्या रॅमचा वापर डिस्क कॅशसाठी करतं आणि लागली की परत देतं, त्यामुळे 'फ्री'खालचा छोटा आकडा पाहून दचकू नका.

फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हवंच, जाहिराती आणि ट्रॅकर गेले की रॅम आणि प्रोसेसर दोन्हींवरचा ताण उतरतो. व्हिडिओसाठी एच२६४ इफाय हे एक्स्टेंशन लावलं, ते यूट्यूबला एच.२६४ या जुन्या पद्धतीचा व्हिडिओ द्यायला लावतं. जुने ग्राफिक्स चिप एच.२६४ स्वतः उलगडतात. व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींचा व्हिडिओ आला की सगळा भार प्रोसेसरवर. ४८० पी निवांत चालतं. व्हिडिओ कॉल मात्र सोबत दुसरं काही उघडं असेल तर जमत नाही, तो एकटाच चालवावा लागतो. याच्यावर मला उपाय सापडलेला नाही.

खर्च करायचाच असेल तर सर्वात आधी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या. माझ्या लॅपटॉपला झेडरॅमनंतर तीच बसवली, आणि बूट होण्यातला, लिबरऑफिस उघडण्यातला फरक कोणत्याही डिस्ट्रोबदलापेक्षा मोठा आहे.

३२ बिटवाल्यांची वाट वेगळी. डेबियन १३ ला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही, आणि फायरफॉक्सची ३२ बिट लिनक्सवर चालणारी शेवटची नेहमीची आवृत्ती १४४. पण आधी एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती देणारी कमांड चालवून पाहा : ३२ बिट विंडोज असलेल्या कितीतरी जुन्या मशिन्सचे प्रोसेसर प्रत्यक्षात ६४ बिटचे निघतात. खरोखरच ३२ बिट निघाला तर डेबियन १२ वर बेतलेलं अँटीएक्स २३ घ्या. आणि रॅम ४ जीबी असेल तर एवढी काटकसर नको, सरळ लिनक्स मिंट या डिस्ट्रोची एक्सएफसीई डेस्कटॉपवाली आवृत्ती टाका.