भिसे यांच्या नावाचा तांब्या आणि तांदळाचा खेळ

खानापूर-निपाणीकडे कुणी ‘राइस पुलर’ (तांदूळ ओढतो म्हणून खपवलं जाणारं भांडं) दाखवायला आलं तर कहाणी साधारण अशी रंगवली जाते: शंकर आबाजी भिसे (1867–1935) या मुंबईच्या शोधकाचा हा तांब्या, त्यावर वीज पडली, धातूचं इरिडियम (दुर्मिळ, महागडा धातू) झालं, आता तो तांदूळ ओढतो आणि परदेशी कंपनी त्याचे कोटी मोजते. भिसे ओळखले जातात ते छपाईचे टाइप ओतण्याच्या यंत्रासाठी. विजेच्या तांब्याशी त्यांचा काय संबंध! आणि वीज पडून तांबं फार तर वितळेल, इरिडियम होणार नाही.

खेळ अंधाऱ्या खोलीत चालतो. अक्षता भांडं दाखवणाऱ्यांच्याच पुडीतल्या. दाण्यांना डिंकाचं पाणी लावून लोखंडाची बारीक पूड चढवलेली असते. तिचा करडा रंग कुंकवाखाली झाकतो. तांब्याला दुहेरी बूड, आत निओडिमियमचं, म्हणजे फार ताकदीचं चुंबक. भांडं जवळ नेलं की दाणे सरपटत येऊन बुडाला चिकटतात. घरचा बेळगावी बासमती पुढे करा, दाणा हलणार नाही. म्हणूनच ‘घरचे तांदूळ चालत नाहीत’ हे आधीच बजावलेलं असतं. टाचणी बुडाला लावून बघा. चिकटली तर आत चुंबक आहे, कारण तांबं या धातूला ती चिकटत नाही.

पाण्याची परीक्षा याहून पक्की. भांडं वजन करा, काठोकाठ भरलेल्या बादलीत हवा न राहता पूर्ण बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. एक किलो तांब्यामागे साधारण 112 मिलि सांडतं, इरिडियम असतं तर 44. बरंच जास्त सांडलं तर बूड पोकळ. ‘पाणी लागलं की शक्ती उतरते’ असं म्हणतात ते याच भीतीपोटी.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी टोकन, मग भांडं ‘तपासणाऱ्या’ शास्त्रज्ञाचा प्रवासखर्च, किरणांपासून वाचवणारा सूट, शेवटी एनओसी (ना हरकत दाखला). आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे देत जातो.

सीमाभागात आणखी एक डाव असतो. करार कोल्हापूरच्या स्टँपपेपरवर, पैसे बेळगावात. मग हद्दीच्या घोळात तक्रार लांबते. जवळच्या ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार तिथेच नोंदवली जाते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. चॅट, पावत्या, करार पुसू नका. पुडीतले दाणे हाती लागले तर तेही जपून ठेवा. चुंबक लावलं की तेच बोलतात.